खानापूरहून सुमास

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय सुमा,
सप्रेम नमस्कार.

नववी-दहावीच्या मुलींना 'त्या' गोळीबद्दल, म्हणजे संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून तातडीनं घ्यायच्या गोळीबद्दल, काय सांगू, असं विचारलंयस. बरं केलंस. मुली शेवटी आमच्याच मेडिकलच्या काउंटरवर येतात, आणि येतात त्या उशिरा.

परवाचंच बघ. कॉलेजची मुलगी, एकोणीसची असेल. मागून आलेली गिऱ्हाइकं पुढं जाऊ दिली, मग क्रोसिन मागितली आणि पैसे देताना मोबाईल हळूच काचेवर सरकवला. त्यावर पाकिटाचा फोटो. "कधी?" मी विचारलं. "शनिवारी, अक्का." त्या दिवशी बुधवार! गावातला मेडिकलवाला वडिलांच्या बैठकीतला, म्हणून खानापूरला यायचं निमित्त शोधत बसली होती.

पाकिटावरचे 72 म्हणजे संबंधांनंतरचे तास, एवढं मुलींना माहीत असतं. पण त्यांना वाटतं, तेवढी मुदत आपल्या हातात आहे. तसं नाही गं. लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची ती गोळी बीज बाहेर पडणं पुढं ढकलते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, म्हणून पहिल्या दिवशीची गोळी आणि तिसऱ्या दिवशीची गोळी सारखी नव्हे. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, हे तर शिकल्यासवरल्या बायकांनाही पटत नाही. त्या मुलीला मी सरळ सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टरांकडं पाठवलं, कारण पाच दिवसांच्या आत गर्भाशयात कॉपर-टी बसवली तर ती गोळीपेक्षा भरवशाची. हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी मागंपुढं होते. आठवडाभर लांबली तर गर्भ राहिलाय का याची तपासणी करायची. आणि ही काही रोजची गोळी नव्हे! वरचेवर नेणाऱ्या आहेत, त्यांना मी रोजच्या गोळ्यांचं नाहीतर निरोधचं सांगते. गुप्तरोगापासून तर ही मुळीच वाचवत नाही.

तुझ्या मुली मात्र अठराच्या आतल्या. तिथं 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आला. मुलीची संमती असली तरी संबंध हा गुन्हाच, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं भाग. या धास्तीनं आईबापच दवाखाना टाळतात आणि कुठला तरी काढा पाजतात, याचा मला फार राग येतो. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलंय की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. हे पालकसभेत सांग, मुलींपेक्षा आधी.

आमच्याकडं किशोरवयीनांसाठी सरकारी 'स्नेहा क्लिनिक' आहे, पण पाटी कन्नडमध्ये. मराठी शाळेतल्या पोरी तिच्याखालून जातात आणि आत काही शिरत नाहीत. तुमच्या चंदगडकडं, महाराष्ट्रात, त्यालाच 'मैत्री' म्हणतात ना? तिथल्या बाईंना एकदा शाळेत बोलव.

आणि वर्गात मुलांनाही बसव. दुकानात कधी मुलगा येतोच, तोही दारात बाईक चालू ठेवून.

एखाद्या शनिवारी भावाला दुकानात बसवून मी येईन. मुख्याध्यापकांची परवानगी तेवढी तू काढ, ते माझ्याच्यानं होणार नाही.

तुझी,
शैला