वशिला म्हणालीस ना, त्यावरून

सोनू,

काल फोनवर तू इतकी चिडलेली होतीस की मी नुसतं हं हं करत राहिले, तुला वाटलं असेल आईला पटलंय, तर तसं काही नाहीये. पाऊण सेकंदाने तुझं क्वालिफाइंग हुकलं त्याचं मलाही खूप लागलंय, रात्री झोप नाही आली. पण त्या रागात तू म्हणालीस ना, की ऑलिम्पिकला ते दोन-तीन खेळाडूंचे देश येतात, टायमिंग नसलं तरी पळायला मिळतं, सरळ वशिला आहे, ते मात्र खटकलं.

ज्या देशाचं कुणीच क्वालिफाय होत नाही त्याला एखाद-दुसरी जागा देतात, युनिव्हर्सॅलिटी प्लेस म्हणतात त्याला, बरोबर. पण १०० मीटरला त्यांची आधी वेगळी प्रिलिमिनरी राऊंड होते, तिथून वर आले तरच बाकीच्यांच्या हीटमध्ये. टुवालूचंच बघ, पॅसिफिकमधला चिमुकला देश, २०१६ ला रिओला त्यांचा अख्खा संघ म्हणजे एक माणूस, एतिमोनी टिमुआनी, तोही मूळचा फुटबॉलवाला, ११.८१ सेकंदात पळाला. तुझ्या ग्रुपमधली पोरं याहून जोरात पळतात म्हणशील, पळत असतील! पण तिकडे विमानाची धावपट्टी हेच लोकांचं मैदान, विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि सगळे बाजूला होतात. तुझ्याकडे सिंथेटिक ट्रॅक आहे बाई.

आता मी सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडचं आणि डॉमिनिकाच्या थिया लाफाँडचं सांगू शकले असते, पॅरिसला दोन्ही देशांचे मोजकेच खेळाडू आणि ३ ऑगस्ट २०२४ ला एकाच संध्याकाळी दोघींनी गोल्ड घेतलं, एकीने १०० मीटरला १०.७२, दुसरीने तिहेरी उडीत १५.०२ मीटर, दोन्ही देशांचं आयुष्यातलं पहिलं मेडल. पण तू लगेच म्हणणार त्या स्वतःच्या जोरावर आल्या होत्या, आणि ते खरंच आहे, म्हणून ते राहू दे.

मला आठवते ती भूतानची किन्झांग ल्हामो. भूतानचे तिघंच होते पॅरिसला. शेवटच्या दिवशी बायकांची मॅरेथॉन, व्हर्सायला जाऊन परत, मध्ये भयंकर चढ. पहिली सिफान हसन २:२२:५५ तासांत आली, ल्हामो ३:५२:५९ तासांत, म्हणजे दीड तास मागून, ८०वी, सगळ्यात शेवटची. मध्ये मध्ये चालत होती बिचारी, पण रस्त्याच्या कडेचे लोक हलले नव्हते, काहीजण तर तिच्या बाजूबाजूने चालायला लागले, टाळ्या थांबेनात. मी टीव्हीसमोर रडले, बाबा हसले मला.

का रडले ते त्यांना नाही सांगितलं, तुला सांगते. तू सहावीत ८०० मीटरला शेवटची आली होतीस, आठवतंय? तुझा अजून अर्धा राऊंड बाकी होता आणि टायमिंग घेणाऱ्या सरांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं, फिनिशचा दोरा गुंडाळायला घेतला. तू लाइन ओलांडून माझं किती झालं विचारलंस तर म्हणाले झालं की, बस आता. तुझं त्या दिवशीचं टायमिंग आजतागायत कुणाला माहीत नाही. ल्हामोचं सेकंदापर्यंत लिहिलेलं आहे, त्या ५९ सकट. दीड तास झाला तरी घड्याळ चालू होतं तिच्यासाठी, मला त्याचंच कौतुक वाटलं, आणि याला तू वशिला म्हणतेस.

बाबांनी त्याच आठवड्यात ते पिवळं स्टॉपवॉच आणलं होतं, तू मोठी झाल्यावर पडूनच होतं ड्रॉवरमध्ये. काल सेल बदलला, चालतंय. पुढच्या मीटला मी येतेय, नको म्हणू नकोस, लांब कोपऱ्यात उभी राहीन.

तुझी
आई