यंदाच्या चैत्रात बागेत नुसते बसा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून लिहून कळवते आहे. येत्या बुधवारी सावंतवाडीहून माणसे येतील आणि विहिरीपासून मागच्या दगडी गडग्यापर्यंत ठिबकच्या नळ्या टाकतील. पैसे देऊन झाले आहेत, त्यामुळे आता नको म्हणू नका. शिवाय शेजारच्या काकूंचा धाकटा मुलगा रोज सकाळी तासभर येईल. पाचोळा गोळा करणे, ठिबकची गाळणी धुणे आणि कुंड्यांना पाणी घालणे ही कामे त्याच्याकडे राहतील.

बाबा, बाग तुमच्या हातून काढून घेण्यासाठी हे चालले आहे असे कृपा करून मनात आणू नका. मोगऱ्याची छाटणी कधी करायची, त्याला ताण किती द्यायचा, कोणत्या कलमाचे आळे मोठे हवे, हे सारे तुम्हीच ठरवणार आहात. पण माघात विहिरीपाशी आलेली चक्कर मला उशिराने कळते, आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केल्यानंतरही तुम्ही दोन्ही हातांत कळश्या घेऊन अबोलीच्या वाफ्यापर्यंत जाता, हे ऐकल्यावर इथे पुण्यात माझे चित्त थाऱ्यावर राहत नाही. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलूनही फाल्गुनात ती ठणठणीत कोरडी होते आणि वरून ओतलेली कळशी बघता बघता खाली निघून जाते. ठिबकमधून तासाला चार लिटर पाणी सावकाश मुळाशी उतरेल, हा हिशेब तुम्हालाही पटेल. झाडाला हातचे पाणी लागते, हे तुमचे म्हणणे मी विसरलेले नाही. म्हणून तुळस आणि आत्याचा अनंत मुद्दाम नळीबाहेर ठेवायला सांगितले आहेत. त्यांना एकेक तांब्या तुम्हीच घाला.

मात्र हे सगळे करण्यामागचे माझे खरे मागणे वेगळे आहे. इतक्या वर्षांत वसंतात तुम्हा दोघांना बागेत शांत बसलेले मी पाहिलेले नाही. मोहर आला की तुडतुड्यांची धास्ती, ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या, फुलांचा सडा पडला की आईच्या हातात खराटा, काजू धरला की बिया गोळा करण्याची घाई. जे पाहायला लोक वाट वाकडी करून आपल्या वाडीच्या फाटकातून आत शिरतात, ते तुमच्या वाट्याला केवळ काम म्हणून आले.

मागच्या खेपेस मी कपड्यांच्या दोरीच्या टोकाला लोंबणारे शिंजिराचे घरटे बराच वेळ पाहत उभी होते. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी सुकी पाने आणि सालींचे तुकडे बांधलेले, बाजूला दार, आणि दारावर पावसाळी पडवीसारखी इवलीशी वळचण. मादी एकटीच ते बांधत होती. तिने चोचीतला कापूस आत कोंबला की सगळे घरटे हलायचे. आई, तू त्याच दोरीवर बाबांचा पंचा वाळत घालून आत निघून गेलीस. मी हाक मारायला हवी होती, पण तुझ्या चुलीवर भात होता.

आणि सुरंगी! तिच्या जुन्या फांद्यांच्या सालीतूनच कळ्यांचे घोस फुटतात, ऊन आले की पांढऱ्या पाकळ्यांतून पिवळे केसर बाहेर पडतात आणि सगळे झाड मधमाश्यांनी घुमू लागते. लहानपणी पहाटे बाबा मला खांद्यावर घेऊन त्या झाडाखाली न्यायचे, तू उमलण्याआधीच्या कळ्यांचा वळेसर करून माझ्या वेणीत माळायचीस आणि शाळा सुटेपर्यंत मी सारखी मान वळवून वास घेत राहायची. अजूनही फाल्गुन लागला की मला तुमच्या कुशीत येऊन निजावेसे वाटते.

तेव्हा आता माझे ऐका. ओवळीखालच्या कट्ट्याशेजारी ठेवायला दोन आरामखुर्च्या पाठवल्या आहेत; बाबांची थोडी उंच आहे, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. सकाळी चहा थर्मासमध्ये भरून दोघांनी तिथे बसायचे, आणि समोर तण दिसले तरी उठायचे नाही. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, चुकवायची नाही. अकरा ते चार बाहेर पडायचे नाही. पन्ह्यासाठी कैऱ्या त्या मुलाकडून काढून घ्या. बाबांनी कैऱ्या काढायची घळ हातात धरू नये. पाडवा 19 मार्चला आहे, त्यानंतर गौर बसेल. आई, हळदीकुंकवाच्या डाळीला यंदा पाटा नको, मिक्सर वापर. चव थोडी कमी येईल, पण तुझे खांदे दुखणार नाहीत. अक्षय्य तृतीयेला मी येतेच आहे, तेव्हा पाट्यावर मी वाटीन.

बुधवारी येणाऱ्या माणसांना दुपारी जेवायला घाला, पण कलमे दाखवत उन्हात उभे राहू नका, बाबा. कोणती नळी कुठे न्यायची ते कागदावर काढून द्या. तुमच्याइतकी ती झाडे कोणालाच ठाऊक नाहीत.

तुमची,
ताई