क्लिअरन्सच्या फॉर्मवर कर्ज लपवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या नोकऱ्या आणि व्हिसावर तुमच्या पेपरात बरंच येतं, पण इथे सिटिझन झालेल्या आपल्या घरांतली पोरं आता डिफेन्सच्या कंपन्यांत लागतायत, आणि त्यांना जी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागते तिच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याचं सांगते. मधे आठ महिने त्याचा जॉब गेला, त्यातच बायकोचं सिझेरियन, इन्शुरन्स संपलेला, हॉस्पिटलचं बिल कलेक्शनवाल्यांकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्यांकडे गेलं. नंतर चांगली नोकरी लागली आणि क्लिअरन्सचा एसएफ-86 फॉर्म भरायला आला. त्यात सरळ विचारलेलं असतं की गेल्या 7 वर्षांत कुठलं देणं 120 दिवसांच्या वर थकलंय का. ह्याने लिहिलं, नाही. का, तर लाज वाटली. त्याच्या आईलासुद्धा पत्ता नव्हता, बिलांची पाकिटं न उघडताच बुटांच्या खोक्यात भरलेली मी स्वतः पाहिली.

अहो, क्रेडिट रिपोर्ट तर क्लिअरन्सची चौकशी करणारे काढतातच! क्लिअरन्स द्यायची की नाही हे ठरवायला 2017 पासून ज्या 13 गाइडलाइन्स लागू आहेत त्यातली 'एफ' पैशांची. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी गुपितं विकेल ही त्यांची भीती, आणि ती खोटी नाही, सीआयएच्या आल्ड्रिच एम्सने 1985 मधे कर्जापायीच सोविएत केजीबीला माहिती विकायला सुरुवात केली आणि पुढे 5 लाख 40 हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं, तरी तो पकडला गेला 1994 मधे. म्हणून अचानक आलेला पैसाही बघतात. पण त्याच 'एफ'मधे हेही आहे की नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला आणि माणूस तरी जबाबदारीने वागला, हप्ते बांधून फेडतोय, तर ते त्याच्या बाजूने धरायचं. खोटं लिहिलं की मात्र गाइडलाइन 'ई' लागते, ती सरळ सचोटीचीच, आणि तिथे सावरणं जास्त अवघड.

एक मात्र मला अजिबात पटत नाही. 2018-19 च्या शटडाऊनमधे, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा, सरकारने 35 दिवस स्वतःच्याच लोकांचे पगार अडकवले, त्यातले कितीतरी क्लिअरन्सवाले होते, त्यांचं घराचं भाडं थकलं तर दोष त्यांचा कसा?

आणि तिकडच्या आईवडिलांना हात जोडून विनंती, नाशिक-पुण्याच्या फ्लॅटवर मुलाचं नाव घातलं असेल तर त्याला नीट सांगा, कारण परदेशातली मालमत्ता त्याच फॉर्मवर लिहावी लागते.

भाच्याला शेवटी आक्षेपांचं पत्र आलं, उत्तराला 20 दिवस. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर ते खोकं उपडं केलं, एकेक पाकीट फोडून तारखेप्रमाणे लावलं, आणि खोटं का लिहिलं तेही त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं. निकाल अजून यायचाय. दर महिन्याला हप्त्याची पावती फाइलला लावतो, आणि आता त्याच्या आईलाही दाखवतो.

आपली,
एक वाचक, मेरीलँड