घमेल्यात हात बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे

महोदय,
दर १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिनाचे फोटो निघतात. खिचडीआधी मुलांनी एकाच घमेल्यात हात बुचकळणं मात्र अनेक अंगणवाड्यांत चालूच असतं. पहिल्याच्या हाताची घाण शेवटच्याच्या तोंडात. हे धुणं नव्हे, वाटप झालं.

पाणी वाहतं हवं. नळ नसेल तर पाच लिटरचा कॅन मुलांच्या छातीच्या उंचीवर आडव्या काठीला टांगावा. झाकणाखाली तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडावं. गळ्याला सुतळी बांधून तिचं खालचं टोक जमिनीलगतच्या काठीला जोडावं. काठी पायाने दाबली की कॅन कलतो, बारीक धार पडते आणि कॅनला हात लागतच नाही. भोक मोठं झालं तर निम्मी मुलं होईपर्यंत कॅन रिकामा, म्हणून खिळा बारीकच घ्यावा.

साबणाची वडी डबीत भिजून लगदा होतो, मग ती कपाटात जाते. कांद्याच्या जाळीत घालून टांगली तर निथळते, हरवतही नाही.

तीन वर्षांच्या मुलाला वीस सेकंद कळत नाहीत. ताईंनी एक ते वीस मोठ्याने, सावकाश म्हणावेत. तळहात, हाताची पाठ, बेचक्या सगळे चोळतात. सुटतात ते अंगठे आणि नखं. नखं साबणाच्या तळहातावर खरवडून घ्यावीत.

सर्वांना मिळून एक टॉवेल नकोच, हात झटकून वाळू द्यावेत. आणि मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही, देणगीत आला तरी.

– एक अंगणवाडी पर्यवेक्षिका