एका आकड्यावर नियतकालिकाची पारख नको

महोदय,

विज्ञान नियतकालिकाची प्रगती ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या एकाच आकड्यावरून ठरवणे किती फसवे आहे, हे स्फटिकशास्त्राला वाहिलेल्या ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाने दाखवून दिले आहे. मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षात मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या, असा हा हिशेब. २००८ साली २.०५१ असलेला हा आकडा २००९ मध्ये एकदम ४९.९२६ झाला. याला कारण स्फटिकशास्त्रज्ञ जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ मधील एकच लेख, जो हजारो वेळा उद्धृत झाला. ‘शेलएक्स’ ही स्फटिकांची रचना शोधण्याची संगणक आज्ञावली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून तो द्यावा, असे त्याच्या सारांशातच सुचवले होते. शेल्ड्रिक यांचे काम मोलाचेच आहे, पण त्याचे श्रेय त्याच अंकांतील इतर प्रत्येक लेखाला का मिळावे? दोन वर्षांची मुदत सरताच आकडा पुन्हा दोनच्या घरात आला. संपादक मंडळांनी सरासरीसोबत मध्यक, पाच वर्षांचा कल आणि एकदाही उद्धृत न झालेल्या लेखांचे प्रमाण जाहीर करावे, आणि आपल्या विद्यापीठांच्या निवड समित्यांनी उमेदवाराचा लेख उघडून वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे