चोवीस गाठी आणि तुमची वीस मिनिटं

पॅथॉलॉजीच्या मॅडम, मनापासून थँक्यू.

बाबांच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि रिपोर्ट आला, कुणीतरी वाचून सांगितलं की चोवीस गाठी काढल्यात, दोन पॉझिटिव्ह आहेत. आमच्या डोक्यात गाठ म्हणजे कॅन्सरचीच गाठ, चोवीस म्हटल्यावर आईने तर खुर्चीच धरली. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. मग मी रिपोर्टवरची सही बघून सरळ तुमच्या लॅबच्या दारात येऊन उभी राहिले, खरंतर पेशंटचे नातेवाईक तिथे येत नाहीत, तरी तुम्ही स्टूल दिलंत.

तुम्ही म्हणालात, गाठी नाही, ग्रंथी म्हण, लसिका ग्रंथी (लिम्फ नोड), त्या सगळ्यांनाच असतात, पॉझिटिव्ह म्हणजे ज्यात कॅन्सर सापडला ती. काढलेल्या चरबीत बोटांनी चाचपून चाचपून एकेक शोधावी लागते, हे मला माहीतच नव्हतं. निदान पंधरा तरी तपासायला हव्यात, कमी बघितल्या तर कॅन्सर असलेली एखादी सुटून जाते आणि स्टेज उगाच कमी दिसते, म्हणजे ज्या चोवीसला आम्ही घाबरलो तोच आकडा भरवशाचा होता!! मग स्टेजमधला ग्रंथींचा भाग, म्हणजे ‘एन’, कागदावर लिहून दिलात, पॉझिटिव्ह ग्रंथी एक-दोन म्हणजे एन १, तीन ते सहा एन २, सात किंवा जास्त एन ३, आकडा वाढतो तसा आजार परत यायचा धोका वाढतो. अन्ननलिकेतल्या लसिकावाहिन्या, म्हणजे या ग्रंथींना जोडणाऱ्या बारीक नळ्या, आतल्या थरापासूनच सुरू होऊन उभ्या वर-खाली जातात, म्हणून छातीतल्या आजाराच्या पेशी मानेत नाहीतर पोटातही सापडू शकतात, हेही तेव्हाच कळलं.

आणि मला सगळ्यात जास्त पटलं ते म्हणजे तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. एकही पॉझिटिव्ह नसती तर जास्त बरं झालं असतं, हे स्पष्ट सांगितलंत, आधी केमो-रेडिएशन होऊनही या दोन उरल्या म्हणून पुढे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाचं, डॉक्टरांना विचारा असंही म्हणालात. आम्ही विचारलं, आता ती चालू आहे, वर्षभर घ्यायची आहे.

तुमचा तो कागद फाइलमध्ये रिपोर्टच्या मागेच लावलाय. भेटायला कोणी आलं की बाबा स्वतः काढून दाखवतात, आणि समोरचा गाठी म्हणाला की लगेच, ‘ग्रंथी म्हणा हो, ग्रंथी.’