जुनी रोड बाईक विकण्याआधी सीटपोस्ट हलवून पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पडवीत, माळ्यावर, जिन्याखाली झाकून ठेवलेल्या सायकली बाहेर निघतात आणि त्यांतल्या काहींवर ‘विकणे आहे’ची पाटी चढते. गोव्यात मिरामारला २०१९ पासून भरू लागलेल्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणे-सायकल-धावण्याच्या स्पर्धेत ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते. तिच्यासाठी घेतलेल्या रोड बाईक आणि त्याआधीच्या, पातळ टायरच्या नि रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेला म्हणजे रिमला धरणाऱ्या ब्रेकच्या) कितीतरी सायकली आज या फेऱ्यात आहेत. मालक वय मोजतो आणि निर्णय घेतो. हे मला चुकीचे वाटते. वय नव्हे, तर फ्रेमची प्रकृती, तिचे माप आणि सुटे भाग मिळणे या तीन गोष्टींवर ठरवावे.

आधी पैशांचा विचार. नव्या रोड बाईक बहुतेक डिस्क ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणाऱ्या ब्रेकच्या असतात. त्यांचे मागचे चाक १४२ मिलिमीटर रुंदीच्या जागेत थ्रू-ॲक्सलवर, म्हणजे फ्रेममधून आरपार जाणाऱ्या जाड आसावर बसते. रिम ब्रेकच्या सायकलीत ही जागा १३० मिलिमीटर. त्यामुळे जुनी चाके नव्या फ्रेमला चालत नाहीत आणि जुन्या सायकलीची किंमत घसरते. विकणाऱ्याचे यात नुकसान आहे, पण ठेवणाऱ्याचा फायदा: रिम ब्रेकची उत्तम चाके आता वापरलेली स्वस्तात मिळतात. म्हणून ‘विकून किती येतील’ एवढेच विचारू नये. आलेल्या पैशांत हिच्यासारखी दुसरी मिळेल का, हे विचारावे. बहुधा मिळत नाही.

आता फ्रेम. गोव्यात सायकल खारे वारे खाते. दोनापावल किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्याजवळच्या घरात चार महिने नुसती उभी राहिलेली सायकल रोज चालवलेलीपेक्षा जास्त खराब होते, कारण कुणी तिला पुसत नाही. पहिली परीक्षा सीटपोस्टची, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याची. सीटची उंची चिकटपट्टीने खुणावून ठेवा, क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा आणि सीट धरून पोस्ट फिरवून पाहा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षे ग्रीसविना राहिला की ओल आणि मीठ मिळून ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. तिला जागा जास्त लागते, म्हणून पोस्ट नळीत घट्ट बसतो. कार्बन फ्रेममध्येही हेच घडते.

अडकलेल्या पोस्टला बरेच जण ब्लोअरने तापवतात. तापवले की ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणजे पोस्ट आणखी आवळतो. उलट करावे: भेदक तेल दोन-तीन दिवस मुरू द्यावे, मग पोस्टला बर्फ लावून फिरवावे. सायकल उलटी करून पोस्ट शिकंजात धरून फ्रेम फिरवण्याचा उपाय चालतो, पण बळ जपून लावावे, नाहीतर नळी पिळते. शेवटचा मार्ग म्हणजे पोस्ट कापून आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चीर देणे. ते तासन्‌तासांचे काम आहे. एवढे करायची तयारी नसेल तर विकताना ही गोष्ट लपवू नये.

पोस्ट निघाला तर नळीत टॉर्च मारा. सायकल उलटी करून हळू ठोका. थोडी लाल पूड पडली तर घाबरायचे कारण नाही, पण गंजाचे पापुद्रे पडले तर स्टीलची नळी आतून खाल्ली गेली आहे. परत बसवताना धातूवर धातू असेल तर ग्रीस. पोस्ट किंवा फ्रेम यांपैकी काहीही कार्बनचे असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा.

तडा शोधायचा तर हेड ट्यूब (हँडलखालची पुढची आखूड नळी) आणि डाउन ट्यूब (तिच्यापासून पेडलकडे उतरणारी नळी) यांच्या सांध्याखाली, बॉटम ब्रॅकेट म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या जागेभोवती आणि मागच्या चाकाच्या खाचांपाशी ओल्या फडक्याने पुसून पाहावे. रंगावरची केसासारखी रेघ बोटाच्या नखाला लागते. स्टीलचा तडा जाणकार कारागीर जोडू शकतो. ॲल्युमिनियमचा जोडू नये: वेल्डिंगच्या उष्णतेने त्या नळीची ताकद जाते आणि ती परत आणणारी भट्टी दुरुस्तीच्या दुकानात नसते. कार्बनवर नाणे हलके वाजवत जा. आवाज एकाएकी बोदा झाला तर त्या जागी आत थर सुटले असण्याची शंका घ्यावी.

एक जागा जवळजवळ कुणीच पाहत नाही: हँडलच्या टेपखालची. आपल्या हवेत घाम वाळत नाही, तो टेपमध्ये मुरतो आणि ब्रेक लिव्हरच्या पट्टीखाली ॲल्युमिनियम कुरतडतो. पांढरे डाग पुसले गेले तर ठीक. नख अडकेल असे खड्डे दिसले तर ते हँडल टाकून द्यावे, कारण हँडल मोडताना आधी सांगत नाही.

चोर्ला घाट उतरणाऱ्यांनी रिमही पाहावा. जांभ्याची लाल माती ब्रेक शूमध्ये रुतून बसते आणि सँडपेपरसारखी रिम घासते. ब्रेक लागतो त्या पृष्ठावर पट्टी उभी धरा. मध्ये खोलगट फट दिसली किंवा झीज दाखवणारी खुणेची खाच पुसली गेली असेल तर रिम बदला. झिजलेली कड ट्यूबच्या दाबाने फाटते.

सुट्या भागांबद्दल उगाच धास्ती बाळगली जाते. शिमानो कंपनीचा ८, ९ किंवा १० गिअरचा कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) त्याच हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर बसतो. ११ गिअरच्या रोड कॅसेटला १.८५ मिलिमीटर जास्त जागा लागते, तिथे मात्र नवा हब आला. चेन मोजायची तर १२ इंची पट्टीचे शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. तो पहिला धरून तेरावा मध्य (एक सोडून एक पिन मोजत) १२ इंचांवरच यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदला, १/८ गेला तर बहुधा कॅसेटही गेला. गिअरचा लिव्हर नुसता हलतो, पकडत नाही, म्हणून सायकल भंगारात काढलेली मी पाहिली आहे. बहुतेक वेळा आतले जुने ग्रीस गोंदासारखे घट्ट झालेले असते. लिव्हर उघडू नका. आत डिग्रीझर (ग्रीस विरघळवणारे द्रव) मारून ५०-६० वेळा दाबा, मळ निघाल्यावर हलके तेल सोडा.

२८ मिलिमीटर रुंदीचा टायर बसत नाही एवढ्यासाठी चांगली सायकल विकणे मला पटत नाही. २५ चा चांगला टायर दाब थोडा कमी ठेवून आपल्या रस्त्यांवर चालतो. माप चुकीचे असेल तर मात्र मोह सोडावा. अनवाणी पायाची आतली उंची (जमिनीपासून जांघेपर्यंत) गुणिले ०.८८३ एवढे अंतर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. ते जुळूनही हँडल दूर वाटले तर १०-२० मिलिमीटर आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून बघा. त्याहून जास्त फरक असेल तर ती सायकल दुसऱ्याची आहे, विकून टाका.

विकताना पोस्ट हलतो की नाही, रिमची खाच आणि चेनचे माप सांगा, बॉटम ब्रॅकेटखालच्या फ्रेम नंबराचा फोटो द्या. मडगावहून रेल्वेने पाठवायची असेल तर पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांत १०० मिलिमीटरचा लाकडी तुकडा अडकवा, आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) सोडवून कपड्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. तो तसा न बांधता पाठवला तर त्याला फ्रेमशी धरणारा हँगर सायकल उतरवताना वाकतो, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.

आपला,
एक सायकल कारागीर,
फोंडा